आता पुढचा कोणता?

सेमिस्टर संपलं की आमच्या विंगमध्ये तीन प्रश्न ठरलेले असतात. मेस कधी बंद होणार, पेपर कसे गेले (हा कृपया कोणी विचारू नये) आणि 'आता पुढचा कोणता?' पहिल्याचं उत्तर नोटीस बोर्ड देतो, दुसऱ्याचं विद्यापीठ देतं, तेही सवडीने. तिसऱ्याचं उत्तर मात्र आपलं आपल्यालाच शोधावं लागतं. गेल्या मे महिन्यात त्यावरून आमच्या खोलीत जेवढी भांडणं झाली, तेवढी कूलरच्या पाण्याच्या पाळीवरूनसुद्धा झाली नाहीत. आणि सेवाग्रामचा मे काय असतो, हे वाचकांना सांगायला नको!

'पुढचा' म्हणजे पुढचा गेम. इथे स्टाफरूममधल्या वाचकांनी पान उलटू नये ही विनंती, कारण गोळ्या झाडण्याच्या गेमबद्दल मी बोलतच नाहीये. रोल प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी नावाचा एक प्रकार असतो. त्यातही कथेवर चालणारे जे असतात ते म्हणजे एखादी जाडजूड कादंबरीच समजा. फक्त ही कादंबरी दर दोन पानांनी थांबते आणि विचारते, 'बोल, आता तू काय करणार?' तुम्ही जे सांगाल त्यावर पुढचं पान ठरतं. किंवा ठरतं असं आपल्याला वाटतं. त्याबद्दल पुढे येईनच.

आमच्या खोलीची खेळायची पद्धत आधी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. आम्ही चौघे. एक पुलगावचा, एक हिंगणघाटचा, एक आर्वीकडचा आणि मी समुद्रपूर तालुक्यातला. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप फक्त पुलगाववाल्याकडे. आमच्यातले दोघे दहावीपर्यंत मराठी माध्यमाचे. गेममधली इंग्रजी वाक्यं पडद्यावरून अशी पळतात की अर्थ लागेपर्यंत समोरचा माणूस मरून पडलेला असतो. पहिल्या वर्षाला असताना मी कित्येक गेम नुसती बटणं दाबून संपवले आणि कथा काय होती ते नंतर दुसऱ्यांना विचारलं. लाज वाटायची, पण सांगणार कोणाला?

मग एका रात्री आपोआप एक सोय झाली. माझ्या आजीच्या गावी श्रावणात पोथी लागायची. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बाकीचे ऐकायचे आणि मध्येच 'थांब थांब, हे पुन्हा वाच' म्हणायचे. अगदी तसंच. हिंगणघाटवाल्याचं इंग्रजी चांगलं, तो मोठ्याने वाचतो. मी आपल्या भाषेत अर्थ सांगतो. पुलगाववाला माउस धरतो, कारण यंत्र त्याचं. आणि निर्णय घ्यायची वेळ आली की मतदान. दोन-दोन मतं पडली तर आर्वीवाल्याचं मत दोन धरायचं, कारण तो सगळ्यात कमी बोलतो. ही पद्धत सुरू झाल्यापासून माझं इंग्रजी सुधारलं. माझ्या व्हायवाला बसलेल्या सरांना हे खरं वाटणार नाही, पण आधी ते याहून वाईट होतं.

या पद्धतीने आम्ही 'विचर थ्री' खेळलो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा २०१५ सालचा गेम. आंद्रेइ सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या पुस्तकांवर बेतलेला. आपण असतो गेराल्ट, पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. (ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडून द्यावेत. मी कथा फोडणार आहे.)

त्यात वेलन नावाचा लढाईने उजाड झालेला मुलूख आहे आणि तिथे एक बॅरन आहे. त्याची बायको आणि तरुण मुलगी घरातून नाहीशा झाल्यात. त्यांना शोधून आण, मग तुला हवी ती माहिती देतो, असं तो म्हणतो. बॅरन मोठा गप्पिष्ट, खाऊन-पिऊन असलेला, माणूस म्हणून आवडावा असा. शोध घेता घेता कळत जातं की तो प्यायचा. प्यायला की बायकोला मारायचा. त्या मारहाणीतच तिचं पोटातलं मूल गेलं आणि ते त्याने घाईघाईत कुठेतरी पुरून टाकलं. ते मूल आता भूत होऊन फिरतंय. गेराल्ट बॅरनला ते मूल स्वतःच्या हातांत उचलून न्यायला लावतो, त्याला नाव द्यायला लावतो. भर पावसात तो दांडगा माणूस रडतो. आमच्या खोलीत कूलर सोडून कशाचाच आवाज नव्हता. वाचणाऱ्याचाही आवाज बसला होता.

आणि तेवढ्यात आमचा आर्वीवाला उठला, चप्पल घातली आणि बाहेर निघून गेला.

आम्हाला वाटलं पाणी प्यायला गेला असेल. तासभर आला नाही. शोधायला निघालो तर टेरेसवर एकटाच बसलेला. आम्ही काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर पोहे-तर्री खाताना तो एवढंच बोलला, "तो बॅरन रडला तं तुम्हा सगळ्यायले त्याची दया आली. थे बाई रडली असन तवा कोणाले आली होती बे?"

आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. ती कागदावर किती आणि गावात किती, यावर मी निबंध लिहीत नाही, प्रत्येकाला आपापलं गाव माहीत आहे. मित्राच्या घरचं त्याने पुढे जेवढं सांगितलं तेही इथे लिहिणार नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न गेमबद्दलचा होता आणि तो अचूक होता. पुन्हा जाऊन पाहिलं. बॅरनला तासन्‌तास संवाद आहेत. त्याची बाजू, त्याची सबब, त्याचा पश्चात्ताप, सगळं त्याच्या तोंडून. बायकोच्या वाट्याला किती वाक्यं? आणि ती भेटते तेव्हा धड शुद्धीवरही नसते. गेम उत्तमच आहे, माझ्या मते तर हा त्यातला सगळ्यात उत्तम भाग आहे. पण कोणाला बोलू द्यायचं हे ज्याने ठरवलं, त्याने अर्धा निवाडा तिथेच करून टाकला. हे आम्हा तिघांना दिसलं नव्हतं. ज्याला दिसलं तो टेरेसवर जाऊन बसला होता.

याच प्रकरणात आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही पण. बॅरनच्या गोष्टीच्या आसपास एका टेकडीवर एका झाडात कोंडलेला आत्मा भेटतो. त्याला सोडायचं की मारायचं? आम्ही मतदान घेतलं, सोडलं, चार अनाथ पोरं वाचतील या हिशेबाने. पोरं वाचली. पण कित्येक तासांनी कळलं की त्या सोडण्यामुळे एक अख्खं गाव गेलं, बॅरनची बायको गेली आणि त्यामागून बॅरनही गेला. तिथे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की हा निर्णय त्या घराबद्दलचा आहे. मागे जाऊन बदलावा म्हटलं तर मधला सगळा खेळ पुसावा लागला असता. "राहू दे," आर्वीवाला म्हणाला. राहू दिलं.

त्या रात्री रेक्टर सर राउंडला आले होते. दिवा चालू, चौघे जागे, पडद्यावर शोककळा. ओरडा बसणार म्हणून आम्ही तयारीत. त्यांनी विचारलं काय चाललंय, हिंगणघाटवाल्याने घाबरून दोन मिनिटांत सगळी कथा सांगितली. सर दारात उभं राहून ऐकत होते. मग म्हणाले, "पण ती बाई पळून जाऊन राहणार कुठे होती?" आणि झोपा म्हणून निघून गेले. ओरडले नाहीत. विषय संपल्यावर मला वाटलं, अर्ध्या गेमच्या परीक्षणांत असा प्रश्न सापडत नाही.

तर मे महिन्यात पुढचा निवडायची वेळ आली तेव्हा परिस्थिती अशी होती. पुलगाववाल्याच्या लॅपटॉपचा पंखा उन्हाळ्याने खाल्ला आणि यंत्र दुरुस्तीला गेलं. उरला माझा जुना लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नसलेला. आमचा पैसा म्हणजे वर्गणी, म्हणजे सेल लागेल तेव्हाच खरेदी. (चोरलेली प्रत पेनड्राइव्हवर फुकट मिळते हे मलाही माहीत आहे. तिच्याबरोबर जे व्हायरस आले होते त्यांनी माझी सबमिशनची फाइल खाल्ली तेव्हापासून मी प्रामाणिक आहे.)

पुलगाववाल्याचं म्हणणं होतं, थांबू, यंत्र दुरुस्त होऊन येईल आणि 'बाल्डर्स गेट थ्री'च घेऊ. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा २०२३ चा गेम, त्या वर्षीचे झाडून सगळे मोठे पुरस्कार त्याला. माझी त्याच्या मोठेपणाबद्दल तक्रार नाही. पण तो दीडशे जीबी जागा मागतो. होस्टेलच्या वायफायवर दीडशे जीबी म्हणजे डिग्री आधी हातात येईल. आणि पूर्ण करायला शंभर तास सहज लागतात. आमच्या पोथीच्या वेगाने अडीचशे. अर्धवट सोडलेली कथा मला फार छळते. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला एका सुट्टीत शेवटपर्यंत नेता येणार नाही असा कथेचा गेम होस्टेलवाल्याने घेऊच नये. सेमिस्टर सुरू झालं की कोण कुठे होता, कोणी कोणाला काय वचन दिलं होतं, काही आठवत नाही. मग आपण पुन्हा नुसते राक्षस मारत बसतो.

दुसरा मुद्दा जाहिरातीचा. 'तुमचा प्रत्येक निर्णय कथा बदलतो!' हे वाक्य वाचून कॉम्प्युटरवाल्यांनी तरी हसलं पाहिजे. दहा निर्णय, प्रत्येकाला दोन पर्याय. दोनाचा दहावा घात, १०२४ वेगवेगळ्या कथा. वीस निर्णय घेतले तर दहा लाखांवर. कोण लिहिणार? म्हणून लेखक काय करतात, फांदी फुटू देतात आणि दोन प्रसंगांनंतर हळूच पुन्हा खोडाला आणून जोडतात. तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, राजवाड्यात जाताच. ही फसवणूक नाही, नाइलाज आहे. पण चांगला लेखक तुमचं उत्तर कुठेतरी टिपून ठेवतो. एक बिट, शून्य किंवा एक, आणि ते तो लगेच वापरत नाही. तुम्ही विसरल्यावर वापरतो. झाडातला तो आत्मा म्हणजे एक बिट होता. म्हणून गेम निवडताना 'किती शेवट आहेत' हे विचारण्यापेक्षा 'याला जुनं काय काय आठवतं' हे विचारावं. सतरा शेवट असलेला आणि काहीच न आठवणारा गेम मी खेळलो आहे. शेवटच्या खोलीत तीन बटणं होती, दाबा हवं ते.

हिंगणघाटवाल्याने मध्येच स्वदेशीचा मुद्दा काढला. सेवाग्रामला राहतो, बापूकुटी सायकलवर दहा मिनिटं, आणि आपण पोलंड-बेल्जियम करत बसलोय! मुद्दा बिनतोड होता म्हणून आम्ही शोधाशोध केली. पुण्याच्या नोडिंग हेड्स या कंपनीने २०२० साली 'राजी' हा गेम काढला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी, तिच्या भावाला, गोलूला असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत तिची कथा सांगतात. डोळ्यांचं पारणं फिटतं. पहाडी चित्रशैलीतल्या भिंती, कमळांचे हौद, महाल. पाहताना अभिमान वाटतो, पुण्याबद्दल विदर्भाच्या माणसाला वाटू शकतो तेवढा. पण हा आरपीजी नव्हे. राजी काय करणार हे आधीच ठरलेलं आहे, आपण फक्त तिला उड्या मारायला आणि लढायला मदत करायची. चौघांत मतदानाला घ्यावं असं काही नाही. एकट्याने दोन दुपारी खेळायला मात्र जरूर घ्यावा.

त्यापेक्षा आमच्या जास्त जवळ आला तो 'अनरेस्ट'. पायरोडॅक्टिल नावाच्या छोट्या भारतीय चमूचा २०१४ चा गेम, लोकांकडून वर्गणी जमवून केलेला. प्राचीन भारतासारखं एक काल्पनिक राज्य, तिथे दुष्काळ, धान्याचे भाव चढलेले, शहर पेटायच्या बेतात. आणि आपण कोण? राजपुत्र नाही. एकदा आपण तान्या नावाची खेड्यातली मुलगी असतो, जिचं लग्न घरच्यांनी ठरवून टाकलंय. तलवार हातात नाही. दुष्काळात एक तोंड कमी होईल, समोरचं घर बरं आहे, असं आईबाप म्हणतात आणि त्यांचं म्हणणं चूकही नाही. आता बोला! पुढे दुसऱ्याच पात्राच्या जागी आपल्याला बसवतात, मग तिसऱ्याच्या. एखादं पात्र मेलं तर कथा थांबत नाही, पुढे चालू राहते. भांडण टाळून बोलण्यावर निभावता येतं. आता दोष. चालणं कंटाळवाणं, चित्रं साधी, कथा जमून येते न येते तोच संपते. पण तान्याच्या आईशी बोलताना आमच्या खोलीत झालेला वाद विचर खेळतानाही झाला नव्हता. दोन-दोन मतं पडली. आर्वीवाल्याचं मत दोन धरलं आणि तान्या लग्नाला नाही म्हणाली. छोटा गेम आहे, दोन रात्रींत संपला. प्रश्न पुन्हा उभा: आता पुढचा कोणता?

बापूकुटीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, कारण प्रत्येक फर्स्ट इयरच्या बॅचला कोणीतरी सीनियर हे सांगतोच. १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन' गेममध्ये गांधीजी अणुबॉम्ब टाकायचे. का, तर त्यांचा आक्रमकपणाचा आकडा एक होता, लोकशाही आल्यावर त्यातून दोन वजा झाले, उणे आकडा ठेवायला जागा नव्हती म्हणून तो फिरून २५५ झाला! मी हे ओव्हरफ्लोचं उदाहरण म्हणून लेक्चरमध्येसुद्धा ऐकलंय. गोष्ट छान आहे, फक्त खरी नाही. गेमचा कर्ता सिड मायर याने २०२० च्या आपल्या आत्मकथनात असला कुठलाही बग नव्हता असं सांगून टाकलं. उलट पुढे २०१० साली 'सिव्हिलायझेशन फाइव्ह'मध्ये गांधीजींचा अणुबॉम्बाचा आकडा मुद्दाम वर ठेवला, गंमत म्हणून. सेवाग्रामच्या पोरांनी तरी ही थाप पुढे ढकलू नये.

गांधी-विनोबांच्या जवळ जाणारा खरा गेम कोणता असेल तर माझ्या मते १९९७ चा 'फॉलआउट'. नाव भयंकर, चित्रं खडबडीत, पण ऐका. अणुयुद्धानंतर लोक जमिनीखालच्या तळघरात राहतात, त्यांच्या पाण्याच्या यंत्रणेतली एक चिप बिघडते. दीडशे दिवसांत दुसरी चिप शोधून आण, नाहीतर पाणी संपलं. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ज्याने टँकरची वाट पाहिली आहे त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. शेवटी जो मुख्य खलनायक भेटतो, त्याला सगळ्या माणसांचं रूप बदलून नवी जमात घडवायची आहे. त्याच्याशी लढता येतं. पण वादातही हरवता येतं. ही तुझी नवी जमात प्रजननच करू शकत नाही, एका पिढीत संपेल, हे त्याला पटवून द्यायचं. नुसतं तोंडाने म्हणून चालत नाही, तसा अहवाल आधी मिळवलेला असावा लागतो. अगदी प्रोजेक्ट व्हायवा! डेटा दाखवला की तो माणूस कोसळतो आणि आपल्या तळाचा नाश स्वतःच घडवून आणतो. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी विनोबांपुढे बंदुका ठेवल्या होत्या, ते पवनारचे विनोबा आपल्यापासून किती किलोमीटरवर राहत होते हे सांगायची गरज नाही. अमेरिकेत बसून गेम लिहिणाऱ्यांना पवनार ठाऊक असायचं कारण नाही. पण बोलण्याने माणूस बदलतो, हे त्यांनी कोडमध्ये लिहून दाखवलं. शिवाय हा गेम ऑफिसच्या कॉम्प्युटरवरसुद्धा चालेल. (चालवू नये.)

मी फॉलआउटवर जवळजवळ आलोच होतो. पण त्यात वाचायला सुरुवात करण्याआधी बरंच मारायला लागतं, आणि दोघांना ते नको होतं. मग यादीत उरले दोन. एक १९९९ चा 'प्लेनस्केप टॉरमेंट'. शवागारात जागा झालेला, स्वतःचं नावही विसरलेला माणूस आणि त्याच्याशी गप्पा मारणारी एक तरंगती कवटी. सुधारून काढलेली आवृत्ती २०१७ ची, साध्या यंत्रावर चालते. पण आठ लाखांच्या घरात शब्द, आणि बहुतेक सगळे नुसते छापील. हिंगणघाटवाल्याने हात जोडले. म्हणाला, "माझा घसा म्हणजे आकाशवाणी नव्हे."

दुसरा 'डिस्को एलिसियम', २०१९ चा. याचे शब्द तर त्याहून जास्त, दहा लाखांवर. पण २०२१ च्या आवृत्तीत जवळजवळ प्रत्येक वाक्य कोणीतरी बोलून दाखवतं, म्हणजे घशाचा प्रश्न मिटला. ग्राफिक्स कार्डाशिवाय अडखळत का होईना चालतो. तीस तासांत संपतो. लढाई जवळजवळ नाहीच, जे काही आहे ते बोलणं आणि दोन फासे. दोन्ही फाशांवर सहा-सहा पडले तर कितीही अवघड गोष्ट जमते, एक-एक पडले तर कितीही सोपी फसते. म्हणून पडद्यावर यशाची शक्यता कधीच ९७ टक्क्यांच्या वर जात नाही आणि तीनच्या खाली येत नाही. छत्तीसातला एक. प्रोबॅबिलिटी शिकवणाऱ्या सरांनी हे उदाहरण घ्यायला माझी हरकत नाही.

आणि हा गेम केला कोणी? एस्टोनियातल्या मित्रांच्या एका टोळक्याने. त्यांचा म्होरक्या रॉबर्ट कुर्विट्झ याने २०१३ साली याच काल्पनिक जगावर एक कादंबरी लिहिली होती, ती फारशी खपली नाही. मग त्यांनी गेम करायला घेतला, इंग्रजीत. एस्टोनियाची लोकसंख्या साधारण तेरा लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या वर्धा जिल्ह्याचीही तेरा लाखच होती! अख्खा देश म्हणजे आर्वी ते समुद्रपूर. त्याच जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे आठ कोटींच्या वर. त्या आठ कोटींसाठी मराठीत लिहिलेला असा एक गेम मला तरी अजून खेळायला मिळालेला नाही. दरवर्षी फायनल इयरला लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम होतात, एकाच लायब्ररीला किती सिस्टिम लागतात? ट्वाइनसारखी फुकट साधनं आहेत, देवनागरी चालते, चित्रंही लागत नाहीत. एक गाव, एक दुष्काळ, एक लग्न, बस. असो, हे गाइड सरांसाठी.

पण एक अडचण होती आणि ती मीच बोलून दाखवली. डिस्को एलिसियममध्ये आपण जो असतो, तो पोलीस आहे आणि तो दारुडा आहे. तीन दिवस इतकी पितो की स्वतःचं नाव, हुद्दा, शहर, सगळं विसरतो. गेम सुरू होतो तो त्या सकाळी. एका खुनाचा तपास करायचाय आणि आपल्याला आपला चेहराही आठवत नाही. मला वाटलं बॅरन झाला तेवढा पुरे, या खोलीत पुन्हा तो विषय नको. मी आर्वीवाल्याकडे न पाहता म्हटलं, "आपण दुसरं काही पाहू."

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पिणारा माणूस आपणच राहू?"

"हो."

"मंग आपल्याले नाही म्हणता येते का त्यात?"

मी वाचलं होतं ते सांगितलं. त्या पोलिसाच्या डोक्यात चोवीस आवाज असतात, प्रत्येक आवाज म्हणजे त्याचं एकेक कौशल्य. त्यातला एक सतत म्हणतो, पी. दुसरा एक म्हणतो, सावर. कोणाचं ऐकायचं ते आपण ठरवायचं. पूर्ण गेम एकही घोट न घेता संपवता येतो, आणि न पिण्याचा विचार तो माणूस डोक्यात पक्का करून ठेवू शकतो. त्यानंतर गेमला ते आठवत राहतं.

"मंग हाच," तो म्हणाला. मतदान झालं नाही.

वर्गणी काढली, सेलची वाट पाहिली, रात्रभर डाउनलोड लावला. पहिला डाव पाच मिनिटांत आटोपला. आमच्या हुशार पुलगाववाल्याने पात्राची प्रकृती एकदम कमी ठेवली होती, खोलीतला दिवा लावला, उजेड डोळ्यांवर आला आणि आमचा पोलीस हृदयविकाराने गेला. दिवा लावून मेलेला माणूस आम्ही प्रथमच पाहिला! लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या मुलांना हसू आवरेना.

दुसऱ्या डावात तो वाचला. पडद्यावर बाटली आली, डोक्यातला तो आवाज गोड गोड बोलू लागला आणि माउस घेऊन पुलगाववाला थांबला. आम्ही सगळे आर्वीवाल्याकडे पाहत होतो. तो पडद्याकडे पाहत होता. बराच वेळ. मग त्याने स्वतः माउस घेतला.

आता आम्ही गेमच्या चौथ्या दिवसावर आहोत. खुनी सापडलेला नाही, पँट सापडली आहे, किम नावाचा आमचा जोडीदार पोलीस आमच्याहून फार शहाणा आहे आणि त्याला आमची लाज वाटते असा माझा संशय आहे. आमचा माणूस अजून कोरडा आहे, जिल्ह्यासारखा नव्हे, खरोखरचा. वाचन रोज जेवणानंतर साडेनऊला सुरू होतं, दुसरा मजला, कूलरचा आवाज येतो ती खोली. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, येताना स्वतःची खुर्ची आणावी, आणि पुढची कथा माहीत असेल तर तोंड बंद ठेवावं.